तिसऱ्या ओळीत रिक्षाकाका

रिक्षाकाकांचं नाव आहे. माझं नाही.

सईच्या शाळेनं नव्या वर्षाचा माहितीचा फॉर्म पाठवलाय. 'तातडीच्या वेळी कोणाशी संपर्क साधावा' याखाली तीन ओळी. पहिलीत मंजू, दुसरीत संजूमामा, तिसरीत रिक्षाकाका. तिन्ही नंबर सईनं स्वतःच्या अक्षरात लिहिलेत, एकही खाडाखोड नाही, म्हणजे तिला ते पाठ आहेत. माझं नाव वर वडिलांच्या रकान्यात आहे आणि व्यवसायापुढं 'पायलट' असं जरा मोठ्या अक्षरात. मला फक्त खाली सही करायची होती. केली. फॉर्म दप्तरात ठेवला, पण डोक्यातून काही जात नाही.

दिल्ली बेसला होतो तोवर असल्या फॉर्मचं मला काही वाटलं नसतं. पण आता? सईजवळ राहता यावं म्हणून मी कंपनी बदललीय. कॅप्टनला कंपनी बदलायची तर डीजीसीएच्या, म्हणजे सरकारी विमान वाहतूक खात्याच्या, नियमानं बारा महिन्यांची नोटीस द्यावी लागते. नव्या कंपनीशी सह्या होऊन गेलेल्या असताना अख्खं वर्ष मी तीच एअरबस उडवत होतो, तेच रात्रीचे सेक्टर, म्हणजे उड्डाणं, करत होतो, आणि कुठल्या तरी हॉटेलात पडदे ओढून दिवसा झोपताना एकच गोष्ट धरून होतो, की हे वर्ष संपलं की मी सईजवळ असेन. माझ्या बरोबरीचे आता वाइडबॉडीवर, म्हणजे लांब पल्ल्याच्या मोठ्या विमानांवर, चाललेत. सीनियॉरिटीत जो नंबर लागला होता तो सोडला. पगाराचं मंजूशी बोलून झालंय, ते इथं लिहीत नाही.

आता पन्नास सीटचं एम्ब्राएर. एका बाजूला एक सीट, दुसऱ्या बाजूला दोन, केबिनमध्ये एकच क्रू. सकाळी सांबऱ्याहून, म्हणजे बेळगावच्या विमानतळावरून, निघायचं, दिवसभरात चार सेक्टर, आणि शेवटचा परत सांबऱ्याला. तिथून गाडीनं संकेश्वर, तवंदी घाट, निपाणी, कोगनोळी नाका, कागल. रस्त्याचं काम आडवं आलं नाही तर दोन तासांत कोल्हापूर, घर. आबा गंगावेशीत कुणालाही सांगतात, 'बारकं विमान चालवतोय आता.' त्यांना इथला उजळाईवाडीचा विमानतळ १९३९ साली राजाराम महाराजांनी बांधला याचा अभिमान, आणि स्वतःचा पोरगा बेळगावातनं उडतो याचं दुःख. त्यावर मी काही बोलत नाही.

फॉर्मचं मात्र बोललो. रात्री भांडी आवरताना मंजूला म्हटलं, "माझा नंबर कुठंच नाही."

"लागतो का शाळेच्या वेळेत?"

मी गप्प.

"चार सेक्टर म्हणजे चार वेळा बंद. मधल्या पंचवीस मिनिटांत तुम्ही लोडशीट बघणार का शाळेचा फोन घेणार? आणि घेतला तरी सांबऱ्यातनं दोन तास. यमगर्णीला हायवेवर पाणी आलं तर तेवढ्यातही नाही. २०२१ ला बघितलंय की आपण."

बरोबर आहे तिचं. जुलैत इथं सगळेच पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी बघत असतात, ३९ फुटाला इशारा, ४३ ला धोका. मी त्याबरोबर यमगर्णीच्या वेदगंगेचंही बघतो. पण बरोबर असलेलं सगळंच मनाला पटतं असं नाही. मला वाईट वाटलं ते वाटलंच. तिच्यासाठी आलो, आणि तिनं अडचणीत कुणाला बोलवायचं ते माझ्याशिवाय ठरवून टाकलंय. खरं तर माझ्या येण्याआधीच ठरलं होतं. माझी जागा राखून ठेवलेली असेल असं मीच धरून चाललो होतो, आणि जागा तर केव्हाच भरली होती.

मी दिल्लीला असताना एका पावसाळ्यात सई शाळेच्या पायऱ्यांवरून पडली, हनुवटीला टाके पडले. मी रेस्टमध्ये होतो, फोन सायलेंट. उठल्यावर फोटो दिसला: सई संजूच्या मांडीवर, आणि संजूच्या पांढऱ्या शर्टावर तिचं रक्त. तो फोटो मी पुढं कितीदा तरी उघडून बघितलाय. संजूचं नाव दुसऱ्या ओळीत आहे ते त्या शर्टामुळं आहे.

आणि रिक्षाकाका. त्यांच्याबद्दल मला माहिती आहे ते सगळं सईकडून, गेल्या काही महिन्यांतलं. शाळेचं गेट उघडल्याशिवाय ते रिक्षा वळवत नाहीत. पावसात पोरांची डोकी पुसायला सीटखाली कोरडा टॉवेल ठेवतात. पुढं कुणी बसायचं यावरनं भांडण झालं तर वार ठरवून देतात, सईचा गुरुवार. दिल्लीला असताना व्हिडिओ कॉलवर हे मला कधी कळलं नसतं, कारण तेव्हा ती फक्त मोठं काहीतरी सांगायची, बक्षीस, मार्क, वाढदिवस. रिक्षातली भांडणं ज्याला रोज भेटतो त्यालाच सांगतात. हे मला मिळायला लागलंय. आठवड्याची सलग सुट्टी आता नियमानं ३६ ऐवजी ४८ तासांची झालीय. पूर्वी तिच्यातला निम्मा वेळ दिल्लीहून यायला-जायला लागला असता, आता ती सगळी घरची. सकाळी सातच्या रिक्षापर्यंत तिला सोडायला मीच खाली जातो.

झोपताना सईला विचारलंच, न राहवून. ती म्हणाली, "पप्पा, तेव्हा तू वर असतोस ना." एवढंच. तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. वर म्हणजे कुठं हे तिला पक्कं ठाऊक आहे, आणि संध्याकाळी मी खाली येतो हेही आता ती धरून चालते. पूर्वी कधी येणार हे विचारायची. बऱ्याच दिवसांत विचारलेलं नाही.

फॉर्म बदलला नाही. तीन ओळी आहेत त्या बरोबर आहेत, ज्याचा फोन लागतो त्याचंच नाव तिथं असावं. सकाळी खाली गेल्यावर रिक्षाकाकांचा नंबर माझ्या फोनमध्ये घेतला. माझा त्यांना दिला. महिन्याचा रोस्टर आला की त्यांना आणि संजूला पाठवायचा असं ठरवलंय, माझ्या सुट्टीच्या दिवशी काही झालं तर पहिला फोन मला.

संजूला हे फोनवर सांगितलं. तो क्षणभर थांबला आणि म्हणाला, "दाजी, मग त्या दिवशी मी गावाकडं शेतावर जाऊन येऊ का?"

जा म्हटलं.