शेवंतीची रात्र

खिडकीखालच्या शेवंतीला काल पहिली कळी दिसली. मोहरीच्या दाण्याएवढी, घट्ट मिटलेली, रंगाचा अजून पत्ता नाही. हातातलं काम टाकून मी कितीतरी वेळ उकिडवी बसून तिच्याकडे बघत होते. या कळीची मी दोन वर्षं वाट पाहिली आहे.

माझ्याकडे शेवंतीच्या दोन कुंड्या आहेत. एकाच झाडाच्या काड्या, एकाच दिवशी लावलेल्या. एक मागच्या भिंतीशी असते, दुसरी माझ्या टेबलाच्या खिडकीखाली. गेल्या वर्षी मागची फुलांनी लगडली आणि खिडकीखालची नुसती वाढत राहिली. हिरवीगार, तजेलदार पानं, पण कळी एक नाही. मुरलेलं शेणखत घातलं, माती बदलली, वेळच्या वेळी शेंडे खुडले. फुटवे भरपूर आले, फूल मात्र आलं नाही.

मावशी चार दिवस राहायला आली होती. रात्री मी चित्र काढत बसले होते आणि ती बाहेर ओट्यावर होती. तिथूनच म्हणाली, "अगं, तुझा दिवा सगळा त्या शेवंतीवर पडतोय. तिला झोप कधी मिळायची?"

मावशीने हे कुठे वाचलेलं नव्हतं, आयुष्यभर झाडं बघून तिला ते कळलेलं होतं. मी मात्र नंतर वाचलं. गार्नर आणि अलार्ड या दोन अमेरिकन शास्त्रज्ञांनी 1920 साली हे मांडलं. त्यांच्याकडे तंबाखूची एक जात होती, जी उन्हाळाभर उंच वाढायची पण फुलायची नाही. त्यांनी ती रोपं रोज दुपारनंतर अंधाऱ्या खोलीत ठेवली, म्हणजे दिवस मुद्दाम लहान केला, आणि रोपं फुलली. पुढे लक्षात आलं की अशी झाडं खरं तर दिवस मोजत नाहीत, ती रात्र मोजतात. रात्र लांब हवी आणि सलग हवी. मध्येच थोडा वेळ उजेड पडला तरी मोजणी मोडते. पानांमध्ये फायटोक्रोम नावाचं एक रंगद्रव्य असतं, त्याला तांबडा प्रकाश लगेच जाणवतो. माझ्या पिवळ्या बल्बमध्ये तो भरपूर होता. शेवंतीची शेती करणारे याचाच उपयोग करतात: फुलं लांबवायची तर मध्यरात्री दिवे लावतात, लवकर हवी असतील तर झाडांवर काळं कापड ओढतात.

म्हणजे खत, माती, पाणी सगळं ठीक होतं. मी तिला रात्रच देत नव्हते.

कुंडी उचलून दुसरीकडे ठेवता आली असती, पण मला तसं करावंसं वाटेना. रात्री अकरा ते दोन ही माझी चित्रं काढायची वेळ होती, वर्षानुवर्षांची. सगळं निजलं की मगच आपल्याला काही सुचतं, असं मी धरून चालले होते. यंदा दिवस लहान व्हायला लागले तसं मी ठरवलं, की अंधार पडला की या खोलीतला दिवा लावायचा नाही. पहिले पंधरा दिवस जड गेले. हात नुसता चुळबुळत राहायचा. मग संध्याकाळी बाहेर ओट्यावर बसायची सवय लागली. अंधार एकदम पडत नाही, आधी पानांचे रंग जातात, मग कडा, आणि पांढरी फुलं सगळ्यात शेवटी दिसेनाशी होतात. इतकी वर्षं बाग करून हे मी कधी पाहिलं नव्हतं.

चित्रं आता सकाळी काढते. मागच्या शेवंतीच्या फुलांची जुनी चित्रं उजेडात बघितली तर सगळ्यांत पिवळा रंग दाट, थापल्यासारखा. पिवळ्या दिव्याखाली पांढऱ्या कागदावर फिका पिवळा नीट दिसतच नाही, म्हणून मी थरावर थर देत गेले होते. सकाळच्या उजेडात एक पातळ हात पुरतो. शिवाय ऊन एका बाजूने येतं, त्यामुळे प्रत्येक पाकळीची सावली तिच्या शेजारणीवर पडलेली दिसते. पाकळी म्हणते खरी, पण शेवंतीत ते प्रत्येक एक वेगळं फूल असतं. कडेची लांब जिभेसारखी आणि मधली बारीक नळीसारखी, अशा कितीतरी फुलांचं मिळून आपलं एक फूल होतं. मधली नळी काढायला मला भिंग घ्यावं लागलं. पाच बारीक टोकं होती तिला. त्या एका नळीत अख्खी सकाळ गेली, आणि इतकी छान सकाळ बऱ्याच दिवसांत मिळाली नव्हती.

कळी दिसल्यावर मावशीला फोन केला. तिचा पहिला प्रश्न, "दिवा?"

"बंद असतो, मावशी."

"मग येतील अजून. शेंड्याची एक ठेवून बाजूच्या खुडल्यास तर फूल मोठं होईल, पण तू खुडू नकोस हो."

नाही खुडणार. आज सकाळी आणखी तीन दिसल्या.