कुणी मरत नाही असं पुस्तक

मंगळवार, रात्री

'बनगरवाडी' काढलं, पलंगावर ठेवलं आणि पुन्हा कपाटात लावलं. कारभारी आठवला. मराठीतलं काय वाचू असं कुणी विचारलं की माझ्या तोंडी पहिलं नाव हेच येतं. 1955 सालचं एवढंसं पुस्तक. औंध संस्थानातला एक पोरसवदा मास्तर धनगरांच्या वाडीवर शाळा चालवायला जातो, एवढीच गोष्ट. माडगूळकर कुठंही आवाज चढवत नाहीत, आणि तरी वाचून झाल्यावर त्या वाडीची धूळ आपल्या पायांना लागलेली असते. पण ते वहिनीला पाठवता येणार नाही.

फोन ठेवता ठेवता ती म्हणाली, "तुझ्याकडं असं एखादं पुस्तक आहे का गं, ज्यात कुणी मरत नाही? दुपार सरत नाही बघ." मी म्हणाले, "आहेत की, भरपूर आहेत." जेवणं उरकून कपाटासमोर बसले, ती आत्ता उठतेय.

बनगरवाडीत कारभारी जातो. मग दुष्काळ पडतो, मेंढरं मरायला लागतात आणि अख्खी वाडी पोटामागं निघून जाते. मास्तर एकटा मागं राहतो. हे मला नवीन नाही, पण आज रात्री ते पुस्तक हातात घेतलं तेव्हा त्यातलं दुसरं काही दिसेचना. तालमीचं बांधकाम, पोरांची शाळा, वाडीवरच्या माणसांच्या नाना तऱ्हा, सगळं मागं गेलं आणि रिकामी घरं तेवढी समोर आली.

'कोसला' तर हातातही घेतलं नाही. 1963पासून कॉलेजातली पोरं ते हसत हसत वाचतात, मीही तसंच वाचलं होतं. पण पांडुरंग सांगवीकर पुण्याला असताना इकडं गावी त्याची धाकटी बहीण देवीनं जाते. मनीची ती पानं मराठीत शोकावर लिहिलेलं सर्वांत खरं लेखन आहे असं मी अनेकांना सांगितलंय, आणि आजही तसंच म्हणेन. फक्त बहीण-भाऊ असलेलं काहीही आत्ता त्या घरात जायला नको.

आणि या घरातही. असो.

'रणांगण' 1939चं. युरोपातून मुंबईकडं निघालेली बोट, जर्मनीतून हाकललेले ज्यू, त्यांतली हॅर्टा आणि आपला चक्रधर. विश्राम बेडेकरांनी जेमतेम एका प्रवासात माणसांचं सगळं जग बसवलंय. महायुद्ध पेटलं त्याच वर्षी मराठीत अशी कादंबरी लिहिली गेली याचा मला अजून अभिमान वाटतो. चक्रधर मुंबईला उतरतो, तिला पुढं जावं लागतं, आणि ती समुद्रात उडी घेते. नाही. उद्धव शेळक्यांचं 'धग' नाही. महादेवला महारोग होतो आणि तिथून कौतिकचं जे होतं ते सहन करायला वाचणाऱ्याच्या अंगात आधी ताकद पाहिजे. 'रारंग ढांग' त्या मानानं सोपं आणि वेगवान, सगळ्यांना आवडणारं. पण हिमालयात रस्ता फोडायचा म्हटल्यावर माणसं दगावणारच. मग वाटलं, मुलांचं बघू. 'पाडस' काढलं. राम पटवर्धनांची मराठी इतकी स्वच्छ आहे की मूळ पुस्तक अमेरिकेतल्या फ्लोरिडाचं आहे हे विसरायला होतं. तर त्यातलं पाडससुद्धा शेवटी गोळी घालून मारावं लागतं, कारण ते पीक खातं.

माझ्या आवडत्या कथा-कादंबऱ्यांच्या दोन फळ्या आहेत. आज मी त्या या टोकापासून त्या टोकापर्यंत बघितल्या. वहिनीला देण्यासारखं तिथं काही निघालं नाही.

बुधवार

सकाळपासून डोक्यातून जात नाही. आयुष्यभर मी लोकांना पुस्तकं सुचवत आले. कुणाची नोकरी गेली, कुणाचं लग्न मोडलं, कुणाची मुलगी परदेशी गेली, की आपल्याकडं त्याला लागू पडणारं काही आहे याची मला मनातून खात्री असायची. आणि आता खरी वेळ आली, घरातल्या माणसानं तोंड उघडून मागितलं, तर माझ्या कपाटात नाही. मी इतकी वर्षं काय गोळा करत होते?

घरात विचारलं तर सगळ्यांचं एकच उत्तर, पुलंचं काहीतरी दे. मलाही पहिल्यांदा तेच सुचलं होतं. 'व्यक्ती आणि वल्ली' उघडलं आणि नेमकं अंतू बर्वाच्या पानावर गेले. तो आपल्या गेलेल्या बायकोविषयी जे बोलतो ते उभ्या उभ्या वाचलं आणि मिटलं. हसवणारं म्हणून आपण हे पुस्तक सांगत सुटतो. त्यातली निम्मी माणसं एकटी पडलेली आहेत, हे कुणी सांगत नाही. 'अपूर्वाई' बाजूला काढलंय. विलायतेचा प्रवास आहे, सोबत बायको आहे, दोघं मिळून सगळं बघतात. तेवढ्यावरच थांबले. दोघं आहेत ना त्यात. दादा आणि ती कुठं जाणार होते ते मला ठाऊक आहे.

दुपारी जरा रडूच आलं. आल्यागेल्या प्रत्येकानं सांगितलं, वहिनीला सांभाळ, वहिनीशी बोलत जा. बोलते. रोज बोलते. पण मला कुणी विचारत नाही की तू काय वाचतेस सध्या. विचारलं असतं तर सांगता आलं नसतं, हेही आहे. त्या दिवसापासून एक पान सलग वाचलेलं नाही. आणि याची कुणाला शंकाही नाही, कारण माझ्या हातात पुस्तक असतंच.

पण लिहिताना एक लक्षात येतंय. वहिनीनं मला विचारलं. इतरांना तिनं डबा, बँकेची कामं, गाडीची कागदपत्रं असलं सांगितलं. मला हे सांगितलं. हे लहानसं नाही.

गुरुवार, पहाटे

झोप नव्हती म्हणून चरित्रं-आत्मचरित्रांची फळी काढली. चरित्रात तर शेवट ठरलेलाच असतो, म्हणून काल तिकडं वळले नव्हते. पण कथेपेक्षा खऱ्या आयुष्यात दिलासा जास्त सापडतो असा माझा अनुभव आहे.

'एक होता कार्व्हर' वाचलेलं असणार तिनं. 1981पासून मराठी घरांतून ते फिरतंयच. आईबरोबर पळवून नेलेलं गुलामाचं तान्हं पोर, त्याच्या बदल्यात मालकानं दिलेला घोडा, आणि तेच पोर पुढं टस्कीगीला शेतकऱ्यांना भुईमुगाचे नाना उपयोग शिकवतं. वीणा गवाणकरांची भाषा थोडी जास्त मायाळू आहे, पण पुस्तक हातून सुटत नाही हे मान्यच करावं लागतं. आई मात्र त्या पोराला परत कधीच भेटत नाही. आणि ते पहिल्याच पानांत.

मग 'स्मृतिचित्रे'. हे पुस्तक मी कुणालाही, कुठल्याही वयात, कुठल्याही प्रसंगात देईन. लक्ष्मीबाई टिळकांचे हे चार भाग 1934 ते 1936च्या दरम्यान आले. वडिलांचं सोवळ्याओवळ्याचं वेड, नवऱ्याचा शीघ्रकोप, 1895 साली त्यानं ख्रिस्ती होणं, मग ताटातूट, आणि पाच वर्षांनी स्वतःही त्याच वाटेनं जाणं. एखादीनं यातल्या एकेका गोष्टीवर छाती पिटून घेतली असती. लक्ष्मीबाई मुकाट तोंडाला पदर लावून हसतात आणि आपल्यालाही हसवतात. मराठीत बाईनं लिहिलेलं असो की पुरुषानं, इतकं निर्मळ गद्य माझ्या तरी वाचनात दुसरं नाही. समीक्षकांनी पुष्कळ लिहिलंय, पण ती बाई स्वतःची कीव करत नाही ही गोष्ट मला सगळ्यांत मोठी वाटते. काल दुपारनंतर तर फारच. पण अट. त्यांची पोटची मुलं जातात. 1919 साली टिळक जातात.

गोडसे भटजींचं 'माझा प्रवास' उघडलं ते केवळ नंतर तेच होतं म्हणून. वरसईचा हा गरीब भिक्षुक घरातलं कर्ज फेडायचं म्हणून काकाबरोबर उत्तरेत निघाला. बायजाबाई शिंदे मथुरेला मोठा यज्ञ करणार, दक्षिणा मिळेल, एवढाच हिशेब. वाटेत सत्तावन्नचा दंगा उसळला आणि हे काका-पुतणे फिरत फिरत झाशीला जाऊन अडकले. किल्ला पडला तेव्हा ते आत शहरात होते. त्या कत्तलीचं वर्णन त्यांनी केलंय तसं कुठल्या इतिहासकारानं केलेलं मी वाचलेलं नाही, कारण हा माणूस लपून बसलेला आहे, तहानलेला आहे, आणि त्यालाच भीती वाटतेय. 1883 साली त्यांनी हे लिहून काढलं. ते छापलं गेलं 1907 साली, चिं. वि. वैद्यांनी, भटजी गेल्यावर. इंग्रज सरकारचा धाक होताच.

वहिनीच्या अटीवर हे पुस्तक सगळ्यांत आधी बाद व्हायला हवं. माणसं मरतात त्याची गणतीच नाही. आणि तरी पहाटे चारला मी त्याचा शेवट वाचत होते. लुटले गेले, नागवले गेले, पैसा म्हणाल तर हाती काही उरला नाही, पण गंगेची कावड खांद्यावर घेऊन भटजी घरी पोचतात. आईबाप जिवंत आहेत. त्यांना ते गंगेच्या पाण्यानं न्हाऊ घालतात.

गेलेला माणूस घरी परत येतो. हे तिला देऊ की नको देऊ? उजाडेपर्यंत ठरलं नाही.

शुक्रवार

शेवटी सरळ तिलाच फोन लावला. म्हटलं, वहिनी, मी कपाट पालथं घातलं, कुणी ना कुणी जातंच गं. ती गप्प राहिली, मग म्हणाली, "अगं, जाईनात की. माणसं जाणारच. दवाखाना नको मला. सलाईन नको, रिपोर्ट नको, डॉक्टर बाहेर येऊन काय सांगतात ते नको."

मी कितीतरी वेळ फोन कानाला धरून होते. मग ती म्हणाली, "बनगरवाडी आहे का तुझ्याकडं? यांनी शाळेत असताना वाचलेलं, नेहमी सांगायचे."

दादा. ज्यानं माझ्यासमोर पुस्तक म्हणून कधी हातात धरलं नाही. वाचलेलं होतं, नेहमी सांगायचा, आणि मला एकदाही नाही. याचं काय करायचं ते मला कळत नाही. नंतर बघू.

फोन ठेवला आणि पुन्हा कपाटासमोर बसले. आता तीच दोन फळ्यांची गर्दी वेगळी दिसायला लागली. आपल्या जुन्या पुस्तकांत माणसं घरात मरतात, ओसरीवर मरतात, रानात, बोटीवरून, तटबंदीच्या आत. आसपास ओळखीची माणसं असतात, नसली तर निदान आभाळ असतं. कारभारी जातो तो आपल्या वाडीतच. काचेच्या दारापलीकडं कुणी कुणाला ठेवलेलं नाही. या एका नजरेनं बघितलं तर माझं जवळजवळ सगळं कपाट तिला देता येईल, आणि नव्या कादंबऱ्यांतलं मात्र बरंच वगळावं लागेल. पुस्तकांची अशी वर्गवारी कुठल्याच परीक्षणात सापडत नाही. माणसाला कशातून जायचं नाहीये हे आधी विचारावं आणि मग नाव सांगावं, ही गोष्ट मला वहिनीनं शिकवली. तिनं आजवर वर्तमानपत्राची पुरवणी सोडून फारसं काही वाचलेलं नाही.

तर पिशवीत 'बनगरवाडी' गेलं. 'स्मृतिचित्रे' ठेवलं, आणि फोनवर सांगून ठेवीन की टिळकांचं शेवटचं आजारपण जवळ आलं की पानं उलट. बाकी सगळं वाच, एक ओळ सोडू नकोस. 'माझा प्रवास' नाही ठेवलं. तो परत येण्याचा शेवट मला तिच्यासाठी अजून झेपत नाही, दिवाळीनंतर बघू.

आणि दुर्गाबाईंचं 'ऋतुचक्र'. ते मला आधी का सुचलं नाही, तर ते मी कधी कुणाला सुचवतच नाही. गोष्ट नाही, माणसं जवळजवळ नाहीत, लोक कंटाळून परत करतात. 1956 सालचं. 'वसंतहृदय चैत्र' असं म्हणून सुरू होतं आणि एकेका महिन्यात झाडांची पानं, फुलं, आभाळाचे रंग, पाखरं एवढंच बघत जातं. बघणं मात्र असं की पिंपळाच्या कोवळ्या पानाचा रंग कोणत्या दिवशी कसा बदलतो ते वाचल्यावर खाली जाऊन पिंपळ बघावा लागतो. मध्य प्रदेशात आदिवासींमध्ये काम करताना विषबाधा होऊन बाई काही वर्षं अंथरुणाला खिळल्या होत्या, आणि हे पुस्तक त्यानंतरचं. त्या दुखण्याचा डंका त्यांनी यात कुठं पिटलेला नाही. वहिनीच्या खिडकीतून शेजारचा बहावा दिसतो. दुपारी एक महिना वाचायचा आणि उठायचं, इतकं तिला नक्की जमेल. सलग वाचायची सक्ती नाही, हा या पुस्तकाचा मोठा गुण आहे. कंटाळून परत करणाऱ्यांनी ते एका बैठकीत संपवायला घेतलं असणार.

उद्या सकाळच्या एसटीनं भाचा जाणार आहे, त्याच्याबरोबर पिशवी देईन.

माझ्यासाठी मी 'धग' बाहेर काढून ठेवलंय. वहिनीला जे नको तेच मला हवंय, अगदी आत्ता, शेवटच्या पानापर्यंत. एका बाईचं सगळं एकेक करून हातातून जात राहतं आणि शेळके एका शब्दानंही नजर वळवत नाहीत. वऱ्हाडी बोलीत पहिली काही पानं अडखळायला होतं, मग कान बसतो. आज रात्री निदान पहिलं प्रकरण होईल.