राजहंसगडावर होकायंत्र घेऊन: सांबऱ्यात विमान शिकणाऱ्यांसाठी

भाचा सांबऱ्याला, म्हणजे बेळगावच्या विमानतळावर, विमान चालवायला शिकतोय. नकाशातली (खरी) उत्तर आणि होकायंत्राची (चुंबकी) उत्तर यांतला फरक, ज्याला व्हेरिएशन म्हणतात, तो त्याला जमिनीवर उभं राहून दाखवावा, म्हणून येळ्ळूरमार्गे राजहंसगड गाठला. गाडी गडाजवळपर्यंत जाते. पावसाळ्यात वर नुसतं धुकं असतं, तेव्हा ऑक्टोबरनंतर आणि सकाळीच जा.

होकायंत्र तटाच्या दगडावर टेकवलं. सुई स्थिरावली. तेच उचलून छातीशी धरलं आणि चार पावलं मागं आलो, तर सुई चांगली चार-पाच अंश सरकली.

“मामा, हेच का व्हेरिएशन?”

नव्हे. इथला काळा दगड लाव्हाचा, त्यात मॅग्नेटाइट असतं; उघड्या माथ्यावर वीज पडली की असा दगड आणखी चुंबकित होतो. ही झाली त्या जागेपुरती ओढ. व्हेरिएशन पृथ्वीचं, आणि बेळगावात ते जेमतेम अंशभर. म्हणजे इथं दगड पृथ्वीपेक्षा जास्त फसवतो! विमानातही तेच: इंजिन, रेडिओ, वायरिंग यांच्यामुळं सुई ढळते ती डेव्हिएशन, आणि ती किती हे लिहिलेलं कार्ड होकायंत्राजवळच लावलेलं असतं. ही दोन्ही नावं वेगळी ठेवा. परीक्षेत आणि हवेतही पोरं इथंच अडकतात. लोखंडी रेलिंग, गाडी, मोबाईलचं चुंबकवालं कव्हर यांपासून लांब उभं राहूनच दिशा घ्या.

नकाशावरच्या दिशेतून व्हेरिएशन पूर्वेचं असेल तर वजा करायचं, पश्चिमेचं असेल तर मिळवायचं. पण अंशभर फरक आहे म्हणून इथले शिकाऊ ही बेरीज-वजाबाकी मनावर घेत नाहीत, याची मला खरी काळजी वाटते. सांबरा ते हुबळी हवाई अंतर साधारण 75 किलोमीटर. एक अंश चुकला तर सव्वा किलोमीटर इकडंतिकडं. विमानतळ समोर दिसतोच. ऑकलंडच्या आसपास व्हेरिएशन सुमारे 20 अंश पूर्व आहे. तेवढंच इथं असतं आणि तुम्ही ते वजा करायला विसरला असता, तर हुबळीऐवजी 25 किलोमीटर उजवीकडं, हल्याळ-कलघटगीच्या मधे कुठंतरी निघाला असता. केपटाऊनला उलट, 25 अंशांच्या आसपास पश्चिम. तिथं तोच आकडा मिळवायचा. उत्तर कॅनडात तर सुईच भरवशाची नाही, म्हणून तिथं खऱ्या उत्तरेवरूनच उडतात.

आकडा जागेप्रमाणं बदलतो तसा काळाप्रमाणंही. सांबऱ्याची धावपट्टी 08/26 (म्हणजे साधारण 80 आणि 260 अंश), हे आकडे चुंबकी दिशेवरूनच पडलेत. लंडनजवळच्या स्टॅनस्टेडला 2009 मध्ये 05/23 पुसून 04/22 रंगवावं लागलं. धावपट्टी होती तिथंच होती, उत्तर सरकली. म्हणून जुना चार्ट कुणी फुकट दिला तरी घेऊ नका. समदिक्पात रेषा, म्हणजे सारखं व्हेरिएशन असलेल्या जागा जोडणाऱ्या रेषा, कोणत्या सालच्या आहेत ते आधी बघा.

आपल्याकडं ही चुंबकी नोंद 1841 पासून मुंबईच्या कुलाब्यात होत होती. मुंबईत विजेच्या ट्राम येणार, त्यांनी सुया ढळतील, म्हटल्यावर ते काम अलिबागच्या चुंबकीय वेधशाळेत हलवलं, 1904 पासून तिथं चालू आहे. कोकणात उतरलात तर शिकणाऱ्यांनी ती जागा बाहेरून तरी बघावी.

मोबाईलचं होकायंत्र नेणार असाल तर सेटिंगमध्ये खरी उत्तर निवडली आहे की चुंबकी, हे गडावर चढण्याआधीच तपासा. साधं सुईचं एक सोबत असू द्या. आणि सांबरा हवाई दलाचंही ठाणं आहे, तेव्हा कुंपणाजवळ जाऊन मोजमाप किंवा फोटो नको. दिशा गडावरूनच घ्या.