मनाली ते लेह, हिमालयन ४५० वर: कुठे काय जाणवतं, तयारी काय लागते

रॉयल एनफिल्डच्या हिमालयन ४५० या मोटरसायकलबद्दल विचाराल तितकी मतं मिळतात. वर्षानुवर्षं ४११, म्हणजे आधीची हिमालयन, चालवलेले म्हणतात की खालच्या आरपीएमला (इंजिनचे मिनिटाला फेरे) नवी गाडी ओढत नाही आणि सारखे गिअर बदलावे लागतात. पहिल्यांदाच हिमालयन घेतलेल्यांना हे पटत नाही. जुलैत मनाली–लेह रस्त्यावर दोन्ही गाड्या एकाच गटात चालल्या तेव्हा या वादाचा उलगडा झाला: कोण बरोबर ते तुम्ही किती उंचीवर आहात त्यावर ठरतं. जिस्पा गावापर्यंत ४११ वाल्यांच्या तक्रारीत तथ्य आहे. बारालाचा खिंडीच्या पुढे तेच लोक गप्प होते.

४११ चं इंजिन हवा आणि तेलावर थंड होणारं, साधारण २४ पीएस (अश्वशक्ती) ताकदीचं, पाच गिअरचं. टॉर्क (इंजिनचा ओढण्याचा जोर) ३२ न्यूटन मीटर, तोही चार-साडेचार हजार आरपीएमलाच पूर्ण मिळायचा. नोव्हेंबर २०२३ मध्ये गोव्यातल्या मोटोव्हर्स या कंपनीच्या मेळाव्यात जिची किंमत जाहीर झाली त्या ४५० मध्ये ४५२ सीसीचं लिक्विड कूल्ड इंजिन आहे: ४० पीएस, ४० न्यूटन मीटर, सहा गिअर, स्लिप असिस्ट क्लच. पण कमाल टॉर्क ५,५०० आरपीएमला आणि कमाल ताकद ८,००० ला. वजन १९६ किलो, म्हणजे जुनीपेक्षा तीनच किलो कमी. टाकी १५ ऐवजी १७ लिटरची. सीट ८०० वरून ८२५ मिलिमीटरवर गेली, ती ८४५ पर्यंत वर करता येते.

आता उंचीचा हिशेब. टांगलांग ला (‘ला’ म्हणजे खिंड) ५,३२८ मीटरवर आहे. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्म्याच्या आसपास असतो. टर्बो नसलेलं कुठलंही इंजिन तिथे ४० ते ४५ टक्के ताकद गमावतं. फ्युएल इंजेक्शन पेट्रोलचं प्रमाण सांभाळतं, हवा कुठून आणणार? म्हणजे खिंडीच्या माथ्यावर ४५० कडे जेमतेम २२ पीएस उरतात. ४११ कडे मुंबई-पुण्याला असतात तेवढेच. आणि ४११ कडे माथ्यावर उरतात तेरा-चौदा. मागे माणूस आणि दोन्ही बाजूंना सॅडल बॅगा असल्या की हा फरक कागदावर राहत नाही. ४११ पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये कण्हत चढते, ४५० दुसऱ्या-तिसऱ्यात.

मनाली ते जिस्पा

अटल बोगद्यातून जायला रोहतांगचा परवाना लागत नाही. वरून रोहतांग खिंडीतून जायचं असेल तरच परवाना काढावा लागतो, आणि मंगळवारी ती वाट पर्यटकांना बंद असते. बोगदा ९.०२ किलोमीटरचा आहे, आत थांबायला मनाई. बाहेर पडताच हवा बदलते, त्यामुळे रेनकोट आणि जाड हातमोजे आधीच वर काढून ठेवावेत.

इथल्या गर्दीत ४५० ची खोड दिसते. ट्रकच्या मागे दुसऱ्या गिअरवर १,८०० आरपीएमला रांगत राहिलात तर गाडी धक्के खाते आणि अरुंद वळणावर चक्क बंद पडते. ४११ ला या सवयी चालायच्या. इथे पहिला गिअर टाकायचा आणि क्लच हलका धरून काटा तीन हजारांच्या वर ठेवायचा. ‘इंजिन कमजोर आहे’ म्हणणाऱ्या बहुतेकांची अडचण ही सवयच असते. वळणाच्या मधोमध गाडी बंद पडणं हे लोक आडवे होण्याचं सर्वात साधं कारण आहे. सीट उंच आहे, त्यामुळे साडेपाच फुटांच्या आतबाहेरच्या चालकाचा पाय उताराच्या बाजूला टेकत नाही. अशांनी सीट खालच्या खाचेत ठेवावी. कंपनीची कमी उंचीची सीटही मिळते, ती ८०५ पर्यंत खाली येते. सस्पेन्शन खाली करून घेण्याच्या भानगडीत पडू नये. २३० मिलिमीटरचा ग्राउंड क्लिअरन्स पुढे लागणार आहे.

टांडीच्या पंपावर टाकी पूर्ण भरा. पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर, असं तिथला फलक सांगतो. त्याच्या भरवशावर पाच-पाच लिटरचे दोन कॅन बांधून निघणारे अजूनही दिसतात. ४५० साठी त्याची गरज नाही. लिटरला २५ किलोमीटर असं वाईट मायलेज धरलं तरी साडेचौदा लिटरमध्ये लेह येतं, आणि नीट चालवल्यास २८ ते ३० मिळतं. त्सो मोरीरीकडे वळणार असाल तरच पाच लिटर जादा घ्या, आणि कॅन मागच्या रॅकवर उंच न बांधता सॅडल बॅगेच्या तळाशी ठेवा.

पहिला मुक्काम केलाँग किंवा जिस्पाला करा. सरचूला झोपू नका. ते ४,२९० मीटरवर आहे आणि मनाली जेमतेम २,०५० वर. डोकेदुखी, ओकारी, रात्रभर जाग, हे सगळं तिथेच होतं, आणि दुसऱ्या दिवशी तोच माणूस गाडी चालवणार असतो. जिस्पाला दोन रात्री काढून तिसऱ्या दिवशी पहाटे पाचला निघालं की लेह एका लांब दिवसात गाठता येतं. डायमॉक्स (उंचीच्या त्रासावरची गोळी) घ्यायची असेल तर डॉक्टरांना विचारूनच, आणि सल्फाची अ‍ॅलर्जी असल्यास ते आवर्जून सांगून.

दारचा ते सरचू

झिंगझिंगबारच्या आसपास आणि पुढे भरतपूरच्या बाजूला रस्त्यावरून नाले वाहतात. बर्फ दिवसभर वितळतं, त्यामुळे सकाळी नऊला घोट्याएवढं असलेलं पाणी दुपारी तीनला गुडघ्यापर्यंत येतं. पहाटे निघायचं खरं कारण हेच. नाल्याआधी थांबा, पुढची गाडी कुठून गेली ते बघा. पहिला गिअर, साडेतीन-चार हजार आरपीएम, नजर पलीकडच्या काठावर. मधे क्लच दाबू नका. दाबला की वेग जातो, पाय खाली जातो आणि तळाच्या गोल दगडांवर तो टिकत नाही. २१ इंची पुढचं चाक आणि दोन्हीकडचं २०० मिलिमीटरचं सस्पेन्शन दगड गिळून टाकतं. जुन्या हिमालयनवर जिथे हँडल हातातून निसटायचं तिथे ही सरळ जाते. या एका बाबतीत गटात मतभेद नव्हता.

मागचा एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाक अडकू न देणारी यंत्रणा) मोडच्या बटणाने बंद करता येतो. खडीच्या उतारावर तो बंद असलेला बरा, नाहीतर मागचा ब्रेक दाबूनही गाडी पुढे घरंगळते. पुढचा एबीएस चालूच राहतो आणि तसाच हवा. चावी बंद करून परत सुरू केल्यावर डॅशवर (मीटरच्या पडद्यावर) कोणता मोड दिसतोय ते एकदा बघून घ्यावं. चहाला थांबून निघालेल्यांचा इथेच घोळ होतो. इको मोड पेट्रोल वाचवण्यापेक्षा चिखलात जास्त कामाचा आहे, कारण त्यात थ्रॉटल मऊ होतो.

नाले ओलांडल्यावर एक काम ४११ वाल्यांना माहीतच नसतं, ते म्हणजे रेडिएटर बघणं. पुढच्या चाकाने उडवलेला चिखल जाळीवर बसतो, वाळतो, आणि पुढच्या चढाला पंखा सारखा फिरू लागतो. बाटलीभर पाणी हळू ओतून चिखल धुवा. काडीने किंवा ब्रशने खरवडू नका, पाकळ्या वाकतात. गरम इंजिनवर रेडिएटरचं झाकण कधीही उघडायचं नाही. उंचीवर पाणी ८२-८३ अंशांनाच उकळतं, झाकण उघडून दाब गेला की कूलंट तोंडावर येतं. रेडिएटर गार्ड हा या गाडीवरचा सर्वात शहाणपणाचा खर्च आहे. समोरच्या ट्रकने उडवलेला एक दगड लागला तर सहल तिथेच संपते. तात्पुरत्या डागडुजीला एम-सील आणि अर्धा लिटर तयार कूलंट जवळ असू द्या.

गाटा लूप्स ते मोरे

गाटा लूप्सची २१ वळणं दुसऱ्या गिअरवर, चार ते पाच हजारांच्या मधे निघतात. तिसरा टाकायचा मोह आवरा. वळणातून बाहेर येताना काटा खाली पडतो आणि परत वर यायला वेळ लागतो. नकी ला, मग व्हिस्की नाला, मग लाचुलुंग ला आणि तिथून पांगपर्यंतचा उतार. रस्ता दरवर्षी बदलतो, पण हाडं खिळखिळी होतात ती याच पट्ट्यात. चढाला सीटवर बसून राहण्यापेक्षा फुटरेस्टवर उभं राहा आणि गुडघ्यांनी टाकी धरा. टाकीचा आकार आता मधे निमुळता आहे, त्यामुळे उभं राहून चालवणं खरंच सोपं झालंय. सहा फुटांच्या माणसाला मात्र हँडल खाली वाटतं, त्याने रायझर (हँडल उंच करणारे तुकडे) बसवावेत आणि बसवताना क्लचची केबल ताणली जात नाही ना ते हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून तपासावं.

खिंडीत टायरची हवा तपासून ती कमी करणारे लोक भेटतात. करू नका. बाहेरचा दाब कमी झाल्याने टायरचा गेज मनालीपेक्षा चारेक पीएसआय जास्त दाखवू शकतो, पण थंडीने थोडा उतारही येतो. मनालीत थंड टायरमध्ये मॅन्युअलप्रमाणे हवा भरा आणि गेजची आठवण पंक्चर झाल्यावरच काढा.

पंक्चरवरून आठवलं: सुरुवातीच्या ४५० ला ट्यूबवाली चाकं होती, ट्यूबलेस स्पोक चाकांचा पर्याय नंतर आला. आपली कोणती ते घरीच बघून घ्या. ट्यूबलेस असेल तर पट्ट्यांचा संच आणि छोटा इलेक्ट्रिक पंप पुरतो, दहा-पंधरा मिनिटांचं काम. ट्यूब असेल तर पुढची ९०/९०-२१ आणि मागची १४०/८०-१७ मापाची अशा दोन ट्यूब, तीन टायर लिव्हर आणि दोन्ही धुऱ्यांच्या नटांना बसणारे पाने लागतात. हे पाने बसतात का आणि तेवढा जोर लावता येतो का, ते निघण्याआधी स्वतः चाक काढून बघा. कारखान्यातून आवळलेला नट ४,७०० मीटरवर, धाप लागलेली असताना उघडणं हा वेगळाच व्यायाम आहे.

मोरेच्या पठारावर रस्ता सरळ आणि गुळगुळीत आहे. इथे सहावा गिअर टाकून ८०-९० ने गाडी निवांत जाते. ४११ ला याच वेगाला घाम फुटायचा. वाऱ्याचा मारा छातीवर येतो, मूळची काच लहान आहे, उंच माणसांनी मोठी लावून घ्यावी. वाळूचे पट्टे अचानक येतात. तिथे पुढचा ब्रेक सोडा, वजन मागे न्या आणि थ्रॉटल किंचित उघडा ठेवा.

डॅश आणि फोन

गोल डॅशवर गुगलचा नकाशा दिसतो ही गोष्ट शोरूममध्ये सगळ्यांना आवडते. पण नकाशा फोनमधूनच येतो. दारचाच्या पुढे बराच वेळ नेटवर्क नसतं, आणि बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड सिम लडाखमध्ये चालत नाही. पोस्टपेड हवं. मनालीत वायफायवर संपूर्ण मार्गाचा ऑफलाइन नकाशा उतरवून घ्या. फोन सतत चालू राहिल्याने तापतो आणि बॅटरी झपाट्याने उतरते, म्हणून टाइप-सी पोर्टला वायर लावून तो हवा लागेल अशा खिशात ठेवा. खरं सांगायचं तर या रस्त्यावर चुकायला फाटेच मोजके आहेत. डेब्रिंगला त्सो कारचा फाटा येतो तेवढा लक्षात ठेवा.

बरोबर काय घ्यावं

४११ च्या जुन्या याद्यांमध्ये थ्रॉटल केबल असते. ४५० ला ती लागत नाही, थ्रॉटल इलेक्ट्रॉनिक आहे. क्लचची मात्र केबलच आहे. ती एक जादा घ्या आणि जुन्या केबलच्या शेजारीच टेपने बांधून ठेवा, म्हणजे बदलणं सोपं जातं. क्लच आणि ब्रेकचे एकेक लिव्हर, फ्यूज, चेनची जोडकडी, चेनचा स्प्रे, अर्धा लिटर इंजिन ऑइल, प्लास्टिकच्या पट्ट्या, एवढं पुरे. मागे माणूस असेल तर मागच्या शॉकचा प्रीलोड (स्प्रिंगचा ताण) निघतानाच वाढवा. नाहीतर मागची बाजू बसते, हेडलाइट आभाळ दाखवतो आणि खड्ड्यात शॉक तळाला आदळतो. दोन्ही बॅगांचं वजन सारखं ठेवा, शक्यतो दहा किलोच्या आत.

गाडी महाराष्ट्रातून रेल्वेने चंदीगड किंवा अंबाल्याला पाठवणार असाल तर टाकी पूर्ण रिकामी लागते. आरसे आणि काच काढून बॅगेत घ्या, बाकीची गाडी गोणपाटात बांधून घ्या. आरसी आणि ओळखपत्राच्या प्रती दोन-दोन ठेवा. उतरवून घेतल्यावर चेनचा ताण आणि हँडलची सरळ रेष आधी बघा.

लेहमध्ये पोचल्यावर चेन धुऊन वंगण द्या, कूलंटची पातळी थंड इंजिनवर बघा आणि मागचे ब्रेक पॅड तपासा. मागचा एबीएस बंद ठेवून उतार उतरलेल्यांचे पॅड अपेक्षेपेक्षा जास्त झिजलेले असतात. नुब्रा-पँगाँगसाठी पर्यावरण शुल्क भरून परवाना घ्यावा लागतो. आणि मनाली किंवा चंदीगडहून भाड्याने आणलेली गाडी लेहच्या पुढे खारदुंग ला, नुब्रा किंवा पँगाँगला नेऊ देत नाहीत, भाड्याने गाड्या देणाऱ्यांच्या स्थानिक संघटना अडवतात. तिथे लेहमधलीच भाड्याची गाडी घ्यावी लागते. स्वतःच्या नावावरची गाडी असेल तर अडचण नाही. घरातल्या दुसऱ्या कुणाच्या नावावर असेल तर नातं दाखवणारा कागद बरोबर ठेवा.