बोलिव्हियाचा उठाव नकाशा, नोंद चौथी: डोंगर झाले, सपाटीने दमवलं

पुठ्ठ्याचे थर एकावर एक रचून मी बोलिव्हियाचा उठाव नकाशा बनवतेय. मागच्या नोंदीत त्यातल्या साहामा डोंगराच्या माथ्यावर पोचले होते. ६,५४२ मीटर, बोलिव्हियातलं सगळ्यात उंच टोक. माझ्या नमुन्यात तो तेहतिसावा थर, तिळाएवढा पुठ्ठा, चिमट्याने बसवलेला. तेव्हा वाटलं, अवघड काम उरकलं. आता कळतंय की ते सोपं होतं.

नवीन मंडळींसाठी मापं पुन्हा देते. आडवं प्रमाण १ सेंटिमीटरला २० किलोमीटर, म्हणजे देश साधारण ७३ बाय ६५ सेंटिमीटरमध्ये बसतो. उभं प्रमाण दहापट वाढवलंय: १ मिलिमीटरचा ग्रेबोर्ड (करडा पुठ्ठा), एक थर म्हणजे २०० मीटर. वाढवलं नसतं तर साहामा सव्वातीन मिलिमीटरचा झाला असता. उंचीची आकडेवारी एसआरटीएम या मोहिमेची, फेब्रुवारी २००० मध्ये एंडेव्हर अवकाशयानातल्या रडारने टिपलेली.

युंगास पूर्ण झालं. ला पाझच्या ईशान्येला पर्वतरांग ओलांडली की जमीन धाडकन खाली जाते तो हा पट्टा. ला कुम्ब्रेची खिंड ४,६५० मीटरच्या आसपास, आणि जुना घाटरस्ता जिथे उतरतो ते योलोसा १,२०० च्या जवळपास. नमुन्यात या दोन ठिकाणांमध्ये पावणेदोन सेंटिमीटर अंतर आणि तेवढ्यात सतरा थर! एकेका पायरीला मिलिमीटरभर रुंदी. कटरने सुटे थर कापायचा नाद तिसऱ्या पात्याला सोडला. अख्खी चळत आधी चिकटवली, वाळू दिली आणि मग पात्याने तिरकी तासली. पायऱ्या गेल्या, पण तिथल्या उताराला पायऱ्या शोभतही नाहीत. माती पातळ, पाऊस धो धो, दरडी नेहमीच्या.

आता अल्तिप्लानो. पश्चिमेची ज्वालामुखींची रांग आणि पूर्वेची रांग यांच्यामधलं हे पठार म्हणजे एक बंद परात आहे. इथलं पाणी कुठल्याच समुद्राला जात नाही. तितिकाका सरोवर ३,८१२ मीटरवर (कळसूबाईवर कळसूबाई ठेवली तरी तिथे पोचत नाही). त्याचं जादा पाणी देसाग्वादेरो नदीने पोओपो तळ्याकडे जातं, आणि त्याच्याही दक्षिणेला उयुनीचं मिठागर, ३,६५६ मीटरवर. म्हणजे दोन्ही टोकांत फरक फक्त १५६ मीटरचा. माझ्या नमुन्यात तो पाऊण मिलिमीटर, आणि तोही वीस-एकवीस सेंटिमीटर लांबीत. थरांच्या हिशोबाने तितिकाका एका थरावर, बाकी सगळं पठार त्याच्या खालच्या थरावर, मध्ये एक उभा कडा. असा कडा तिथे नाहीच. शेवटी पॉलिश पेपर घेऊन तीन संध्याकाळी घासत बसले. आधी ८० नंबर, मग १८०. बोट फिरवलं तर काही कळत नाही, पण पाण्याचा थेंब सोडला की तो हळूहळू उयुनीकडे सरकतो. ते पाहून माझी मीच खूश.

पोओपोचं काय करायचं हा वेगळा प्रश्न. डिसेंबर २०१५ मध्ये ते जवळजवळ पूर्ण आटलं होतं. निळा रंग दिला तर खोटं, न दिला तर तळंच दिसत नाही. मी काठाला खारट पांढरी कड आणि आत फिकट मुलतानी माती दिलीय. तितिकाका तेवढं निळं.

उयुनीत मात्र हौस नडली. दहा हजार चौरस किलोमीटरहून मोठं मिठागर, तर खरं मीठच लावू म्हटलं. गोंदावर जाडं मीठ पेरलं, जूनमध्ये झकास दिसलं. जुलैत मिठाला पाणी सुटलं, चारी बाजूंचा पुठ्ठा ओला झाला आणि मिठागराखालचे दोन थर उसवले. खऱ्या उयुनीवरही पावसाळ्यात पाण्याचा पातळ थर साचून आरसा होतो, हे मला माहीत होतं. माझ्या टेबलावर तेच होईल हे सुचलं नाही. सगळं खरवडून आता प्लास्टरचा पातळ लेप आणि वर चकचकीत वार्निश. लेप मात्र काचेच्या पट्टीने सपाट केला, कारण हे मिठागर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत मीटरभरसुद्धा वर-खाली होत नाही. उपग्रहांची उंची मोजायची यंत्रं त्यावरच जुळवून घेतात. मधलं इनकावासी बेट हरभऱ्याच्या डाळीएवढं मुद्दाम ठेवलंय. त्याच्या खडकांवर जुन्या सरोवरातल्या चुन्याची पुटं आहेत, म्हणजे एकेकाळी हे बेट पाण्याखाली होतं.

खरी परीक्षा पूर्वेला होती. देशाचा अर्ध्याहून जास्त भाग ५०० मीटरच्या खाली आहे, आणि माझ्याकडे त्याच्यासाठी थर किती? पहिले दोन, फार तर तीन. हेच सगळ्यात मोठे सलग पुठ्ठे, त्यामुळे पांढऱ्या गोंदाच्या पाण्याने तेच वळले. सकाळी पाहते तर बेनी प्रांताचं मैदान पापडासारखं मधून फुगलेलं. आई म्हणाली, "अगं, पाटा ठेव त्यावर." पाटा ठेवला, आठवडाभर ठेवला. बसलं.

त्याहून नडली ती २०० मीटरची रेषा, म्हणजे तेवढ्या उंचीच्या जागा जोडणारी, जिच्यावरून थर कापायचा ती. उत्तरेच्या सखल भागात ती दातेरी, वेडीवाकडी येत होती. आधी वाटलं माझंच काही चुकलं. मग उपग्रहाच्या फोटोवर ठेवून पाहिली तर ती ठिकठिकाणी जंगलाच्या कडेने चालली होती! रडारला जमीन दिसत नाही, झाडांचे शेंडे दिसतात. जिथे उतार नावालाच आहे तिथे झाडांची दहा-पंधरा मीटर उंची रेषेला कित्येक किलोमीटर ढकलते. सांता क्रूझच्या ईशान्येला सान हुलियानकडे तर मध्यभागी वस्ती आणि भोवती आऱ्यांसारखी शेतं अशी वर्तुळं आहेत. उंचीच्या आकड्यांवरून काढलेल्या छायांकनात ती खड्ड्यांसारखी उमटली. खड्डा बिड्डा काही नाही, झाडं तोडलीत. अशा जागी मी रेषा हाताने सरळ केल्या.

बेनीतल्याच मोहोसच्या मैदानात तर थरांनी हातच टेकले. त्रिनिदाद शहर जेमतेम दीडशे मीटरवर. माती चिकण, पाणी मुरत नाही, मामोरे नदीचं आणि पावसाचं पाणी महिनोन् महिने साचून राहतं. तिथे मीटरभर चढ असला की झाडं, नसला की गवत. मैदानात विखुरलेल्या वनबेटांपैकी कितीतरी माणसांनी भर घालून उंच केलेली आहेत, आणि त्यांतल्या काहींवर दहा हजार वर्षांपूर्वी कसावा लावल्याच्या खुणा मिळाल्यात. हा मीटर माझ्या नमुन्यात मिलिमीटरचा दोनशेवा भाग. रंगाचा एक हातसुद्धा त्याहून जाड! म्हणून मोहोसमध्ये उंची सोडून दिली आणि माती दाखवायची ठरवली: राखाडी चिकणमातीचा पातळ हात, त्यावर सुकलेल्या शेवाळाच्या चिमटीची बेटं. आग्नेयेला चिकितानियाच्या जुन्या खडकांवरच्या लाल मातीला सरळ गेरू लावला, तिथे फार विचार करावा लागला नाही.

आई परवा नमुन्याकडे बघून म्हणाली, "यात समुद्र कुठाय?" १८७९ च्या युद्धात किनारा गेला म्हटल्यावर तिने बराच वेळ चिलीच्या बाजूच्या रिकाम्या पाटाकडे पाहिलं.

राहिलाय चाको, आग्नेयेचा कोरडा सपाट भाग. परापेती नदी तिथे इझोझोगच्या दलदलीत शिरते आणि पसरून विरते. तिला शेवट कुठे आणि कसा द्यायचा ते ठरत नाहीये. बारीक चाळलेली रेती आणि नदीची रेघ हळूहळू पुसट करत न्यायची असं डोक्यात आहे. कुणी नदी अशी पुसून दाखवली असेल तर कोणता गोंद वापरला ते सांगा. माझ्या गोंदावर रेती दुसऱ्या दिवशी गळते.