तुम्ही विचारलंत म्हणून: जुन्या गाडीत बिनइथेनॉलचं पेट्रोल घालावं का?

“दादा, बिनइथेनॉलचं पेट्रोल कुठं मिळतं? आणि मिळालं तर गाडीत घालू का?” जुन्या मोटरसायकली मी जिवापाड सांभाळतो हे माहीत असल्यामुळे ओळखीचे, बिनओळखीचे सगळेच मला हे विचारतात. त्यावर मी आधी दोन गोष्टी विचारतो: गाडी कुठली, आणि ती किती दिवस उभी असते? माझ्या मते दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आहे.

मी मिरजेचा. 2001 साली इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलचे देशातले पहिले प्रयोग झाले, त्यांत मिरज आणि मनमाड होतं. पुढे 2003 पासून काही राज्यांत 5 टक्के मिश्रण आलं, 2022 च्या जूनमध्ये ते देशभर सरासरी 10 टक्क्यांवर गेलं आणि 2025 मध्ये 20 टक्क्यांवर पोचलं. आता यामाहाची आरएक्स 100 ही मोटरसायकल घ्या. ती आपल्याकडे 1985 ते 1996 या काळात बनली. म्हणजे पंपावर इथेनॉल यायच्या आधीच ती बंदही झाली होती. तिच्यातलं रबर, तिच्या कार्बोरेटरचे जेट, सगळं निव्वळ पेट्रोलच्या हिशेबानं ठरलेलं.

एक किलो पेट्रोल नीट जळायला सुमारे 14.7 किलो हवा लागते, इथेनॉलला 9 किलो पुरते. कार्बोरेटरचा जेट म्हणजे ठरावीक मापाचं भोक. पेट्रोल बदललं म्हणून ते मोठं होत नाही. त्यामुळे 20 टक्के इथेनॉल आलं की मिक्श्चर लीन होतं, म्हणजे हवेच्या मानानं इंधन कमी पडतं. गाडी थंडीत चोकशिवाय उठत नाही, मधेच अडखळते, आणि हवेवर थंड होणाऱ्या टू-स्ट्रोकचा पिस्टन जास्त तापतो. पण यावर इलाज आहे. प्लग काढून रंग बघा. तपकिरी असेल तर ठीक, पांढुरका दिसला तर चांगल्या मिस्त्रीकडून मेन जेट एक माप वर न्या आणि मिक्श्चरचा स्क्रू नव्यानं लावून घ्या. एवढ्या कामानं बहुतेक गाड्या सुधारतात.

रबराचं दुखणं मात्र ट्यूनिंगनं जात नाही. जुनी पाईप, पेट्रोल कॉकमधला वायसर, फ्लोट बाऊलची (कार्बोरेटरखालच्या वाटीची) ओ रिंग इथेनॉलमध्ये फुगते, मऊ पडते, मग वाळली की तडकते. शिवाय इथेनॉल टाकीतली वर्षानुवर्षांची घाण सोडवतं आणि ती थेट पायलट जेटमध्ये जाऊन बसते. पाईप आणि रिंगा वायटनच्या, म्हणजे इथेनॉलला टिकणाऱ्या रबराच्या बसवा, पेट्रोल फिल्टर घाला. बिनइथेनॉलच्या पेट्रोलमागे धावण्याआधी हा खर्च करा, असं मी प्रत्येकाला सांगतो.

आता उभ्या गाडीचं. कोकणातल्या गावच्या घरी गणपतीत काढलेली गाडी थेट शिमग्याला सुरू होते, अशी कितीतरी घरं आहेत. इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं. थोडं पाणी ते पेट्रोलमध्ये विरघळवून ठेवतं, पण प्रमाणाबाहेर गेलं की इथेनॉल आणि पाणी मिळून वेगळे होतात आणि टाकीच्या तळाशी जातात. कॉक तळाशीच असतो. म्हणजे इंजिनाला आधी तेच मिळणार, आणि लोखंडी टाकी गंजायला सुरुवात होणार तीही तळापासूनच. कार्बोरेटरच्या आत पांढरी भुकटी धरलेली दिसते, तीही याच प्रकारातली. अशा गाडीला बिनइथेनॉलचं पेट्रोल खरोखर उपयोगी आहे. ठेवताना टाकी त्यानं गच्च भरा. ते मिळत नसेल तर टाकी पूर्ण रिकामी करा, आतून इंजिन ऑइलचा हात फिरवा, आणि बाऊलचा स्क्रू सोडून उरलेलं पेट्रोलही काढा.

मिळतं कुठं? इंडियन ऑइलनं 2020 च्या डिसेंबरमध्ये 100 ऑक्टेनचं एक्सपी 100 आणलं, पहिल्या दहा शहरांत मुंबई आणि पुणं होतं. त्यात इथेनॉल नसतं. साध्या पेट्रोलपेक्षा ते बरंच महाग पडतं. फक्त ‘प्रीमियम’ पाटी बघून भरू नका, 95 ऑक्टेनच्या पेट्रोलमध्येही इथेनॉल असतं. आणि 100 ऑक्टेननं जुन्या गाडीचा पिकअप वाढत नाही. जास्त ऑक्टेनचा फायदा जास्त कॉम्प्रेशनच्या इंजिनाला होतो, आणि तिचं कॉम्प्रेशनच कमी असतं. इथेनॉल नाही, याचेच ते पैसे.

2023 च्या एप्रिलनंतरची गाडी रोज मारत असाल तर साधं पेट्रोल भरा आणि निश्चिंत राहा. तिचं साहित्य या मिश्रणासाठीच निवडलेलं आहे. त्याआधीच्या काही वर्षांतल्या गाड्यांचं ॲव्हरेज थोडं कमी होईल. नीती आयोगाच्या 2021 च्या अहवालात दुचाकींसाठी 3 ते 4 टक्के घट धरली होती.

आमच्या भागात ऊस आहे, आणि इथेनॉलमुळे कारखान्यांच्या हाती पैसा लवकर येतो हे मी जवळून पाहतो. त्यामुळे मी इथेनॉलच्या विरोधात नाही. पण जुनी गाडी जपणाऱ्याला परवडेल असं बिनइथेनॉलचं पेट्रोल मिळायला हवं, निदान तालुक्याला एका पंपावर. असा पर्याय मागणारी याचिका सर्वोच्च न्यायालयानं 2025 च्या सप्टेंबरमध्ये फेटाळली. तरी ही मागणी मला रास्तच वाटते, आणि पंपाच्या नळीवर इथेनॉल नेमकं किती टक्के ते ठळक लिहिलेलं असावं, हीसुद्धा.

तोवर शंका आली तर घरी तपासता येतं. मापाच्या खुणा असलेल्या काचेच्या नळीत 20 मिली पाणी घ्या, त्यावर 100 मिली पेट्रोल ओता, हलवा आणि थोडा वेळ ठेवा. खालचा थर 20 वरच राहिला तर इथेनॉल नाही, 40 च्या आसपास चढला तर 20 टक्के आहे. हे उघड्यावर करा, जवळपास विस्तव नको. आणि ते पेट्रोल परत टाकीत ओतू नका.