वॅट सगळे सांगतात, पार कोणीच सांगत नाही

घरच्या रीफ टँकसाठी, म्हणजे प्रवाळ ठेवायच्या खाऱ्या पाण्याच्या टँकसाठी, एलईडी लाइट घ्यायला निघालात तर विक्रेत्याला एवढंच विचारा: "टँक पाण्याने भरलाय, लाइट पाण्याच्या वर नऊ इंचांवर टांगलाय, तर तळाच्या कोपऱ्यात पार किती येतो?" पार म्हणजे प्रवाळाला वापरता येईल असा प्रकाश, नीट पुढे सांगते. सरळ उत्तर मिळालं तर तो विक्रेता सोडू नका. मला ते उत्तर मिळवताना घाम फुटला. अजूनही त्या कंपनीचा ईमेल इनबॉक्समध्ये दिसला की डोकं फिरतं, म्हणून हे लिहायला बसले.

ठाण्यातला फ्लॅट, हॉलमधली एक भिंत, टँक ३० बाय १८ बाय १८ इंच, म्हणजे साधारण १६० लिटर. काच, खालचा सम्प, स्किमर, आरओ-डीआय फिल्टर, मीठ, रॉक, सायकलिंग, म्हणजे पाणी स्वच्छ ठेवायची उपकरणं आणि टँक मुरवणं, हे सगळं रीतसर पार पडलं. त्यावर लिहिण्यासारखं काही नाही, पैसे गेले आणि वस्तू आल्या. घोडं अडलं ते लाइटपाशी.

लाइट बघायच्या आधी टँकमध्ये काय ठेवणार ते ठरवा. यूट्यूबवर अमेरिकेतल्या लोकांचे निळे-जांभळे अ‍ॅक्रोपोरा (दगडी प्रवाळांतला एक फांदीदार प्रकार) बघून आपण तसाच लाइट शोधायला लागतो. पण आपल्याकडे दगडी प्रवाळ, म्हणजे कॅल्शियमचा सांगाडा बांधणारे सगळेच्या सगळे, २००१ साली वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत घातले गेले. वाघ ज्या अनुसूचीत आहे, तीच ही. समुद्रपंखे आणि काळी प्रवाळंही त्यातच. मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ पाण्यात डोकं घातल्यावर जे दिसतं ते तिथंच राहू द्यायचं, आणि दुकानदार हळूच आतल्या खोलीत नेऊन काही दाखवायला लागला तर चप्पल घालून बाहेर पडायचं. मी ठेवायचे ठरवले ते मशरूम, झोअँथिड आणि एखादा लेदर, म्हणजे सॉफ्ट कोरल, दगडी सांगाडा नसलेले. तेही कुठून आले ते विचारून आणि पावती घेऊन.

याचा लाइटशी संबंध काय? मोठा आहे. अ‍ॅक्रोपोरावाले २५०-३५० पार मागतात. झोअँथिड आणि लेदरला ७५ ते १५० पुरतो, मशरूम तर ५०च्या आसपासही खुशाल पसरतात आणि जास्त झाला तर आक्रसतात. म्हणजे 'एसपीएस रेडी' (एसपीएस म्हणजे छोट्या पॉलिपचे दगडी प्रवाळ) असा शिक्का मारून जो लाइट आपल्या गळ्यात मारला जातो, त्यातला निम्मा प्रकाश आपल्याला नकोच असतो. कुर्ल्याच्या दुकानात मी हे म्हटलं तर मालक हसला. "मॅडम, ज्यादा है तो अच्छा है ना, कम कर लेना." कमी करता येतो हे खरं. पण पैसे पूर्ण जोराचे द्यावे लागतात, त्याचं काय?

पार म्हणजे ४०० ते ७०० नॅनोमीटर या पट्ट्यातला, प्रकाशसंश्लेषणाला वापरता येणारा प्रकाश. एका चौरस मीटरवर सेकंदाला किती मायक्रोमोल फोटॉन पडतात, असा तो मोजतात. भर दुपारच्या उन्हात आकडा २०००च्या घरात जातो. प्रवाळाच्या पेशींमध्ये झूझँथेली नावाचं सूक्ष्म शैवाल राहतं, प्रवाळाचं बरंचसं अन्न तेच बनवतं, आणि त्याला सगळ्यात जास्त उपयोग निळ्या प्रकाशाचा. समुद्रात खोल गेल्यावर लाल रंग आधी नाहीसा होतो, निळा उरतो, त्यामुळे त्याला सवयच त्याची.

आता विक्रेते काय सांगतात? वॅट. वॅट म्हणजे लाइट वीज किती खातो, प्रकाश किती देतो ते नव्हे. त्यातही छापलेले वॅट खरे असतीलच असं नाही. बाजारात जे '१६५ वॅट'चे काळे डबे मिळतात त्यांत ३ वॅटचे ५५ एलईडी असतात, गुणाकार बरोबर येतो, पण ते एलईडी पूर्ण जोराने चालवलेलेच नसतात. प्लगला मीटर लावून बघा, आकडा बराच खाली दिसेल. मग सांगतात ल्युमेन. ल्युमेन माणसाच्या डोळ्याच्या हिशेबाने मोजतात, आणि आपला डोळा हिरव्याला, ५५५ नॅनोमीटरच्या आसपास, सगळ्यात जास्त दाद देतो. ४५० नॅनोमीटरच्या निळ्याला तो जवळपास मोजतच नाही. त्यामुळे प्रवाळाला उत्तम असलेला निळा लाइट ल्युमेनमध्ये भिकारी दिसतो. मोबाइलवरचं लक्स मोजणारं अ‍ॅपही याच कारणासाठी इथे निरुपयोगी. वेळ घालवू नका.

तर एका लाइटवर माझं मन बसलं. नाव सांगत नाही. १०० वॅटचा, दिसायला देखणा, अ‍ॅपवर चालणारा, वेबसाइटवर 'हाय पार' असं ठळक लिहिलेलं. आकडा मात्र कुठेच नाही. आणि खाली बारीक अक्षरांत: बॉक्स उघडल्यावर परत घेतला जाणार नाही. म्हणजे घरी लावून बघायची सोय नाही, आकडा आधीच हवा. मी ईमेल केला.

लगेच तिकीट नंबर आला. पुढे शांतता. मग उत्तर आलं की हा लाइट १०० वॅटचा आहे. मी लिहिलं, वॅट माहीत आहेत, पार हवा. उत्तरात ल्युमेन आले. मी पुन्हा लिहिलं. या वेळी केल्व्हिन, म्हणजे प्रकाशाच्या रंगछटेचा आकडा, आले, १४०००. इतक्या निळ्या लाइटला केल्व्हिनचा आकडा चिकटवण्यात फारसा अर्थ नसतो, हे मी त्यांना लिहिलं नाही, कारण तोवर मला फोन करावासा वाटायला लागला होता.

फोनवर आधी बासरी. ती संपली की 'आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे', मग पुन्हा बासरी. अखेर एक मुलगा आला, बोलायला नम्र. मी पार म्हटलं. तो म्हणाला, "मॅम, पार्ट नंबर बॉक्सच्या मागे असतो." बॉक्स माझ्याकडे नाही, मी अजून घेतलाच नाही, म्हटल्यावर त्याने विचारलं, "मग प्रॉब्लेम काय आहे मॅम?" त्याचा काही दोष नाही. त्याच्यासमोरच्या स्क्रीनवर जे लिहिलं होतं तेच तो वाचत होता. त्याने टेक्निकल टीमला पाठवतो म्हणून सांगितलं, २४ ते ४८ तास.

पुढचा ईमेल आला तो 'आपली तक्रार सोडवण्यात आली आहे, तिकीट बंद केले आहे' असा. कोणी सोडवली, काय सोडवली, पत्ता नाही. बंद तिकीट उघडता येत नाही, नवं काढावं लागतं, आणि नव्या तिकिटावर पहिलं उत्तर काय येतं? हा लाइट १०० वॅटचा आहे.

मी चिवट आहे. नवऱ्याने सांगितलं, सोड, दुसरा घे. पण तोवर तो लाइट हवा की नको हा मुद्दाच उरला नव्हता, मला आकडा हवा होता. शेवटी तक्ता आला. पीडीएफ, धूसर, पण रंगीत: मधोमध लाल, भोवती पिवळं, कडेला निळं, आणि मध्यभागी ९००च्या वर आकडा. मी खूश झाले, पण तो खुशीचा क्षण फार टिकला नाही.

तक्त्यावर लाइटची उंची लिहिलेली नव्हती. सहा इंचांवरून मोजलं की मधला आकडा भयंकर मोठा येतो, बारावर नेलं की तो उतरतो आणि कडेचा वाढतो. उंचीशिवाय पारचा आकडा म्हणजे तारखेशिवाय लग्नपत्रिका. हवेत मोजलं की पाण्यात, तेही नव्हतं. भरलेल्या टँकमध्ये बाजूच्या काचांवरून प्रकाश परत आत वळतो, त्यामुळे चित्र वेगळं येतं. शिवाय पाण्यात बुडवलेला सेन्सर मुळातच कमी दाखवतो, त्याला गुणक लावावा लागतो, काही मीटरमध्ये तो आधीच धरलेला असतो. कोणता चॅनेल, म्हणजे लाइटमधला कोणता रंग, किती टक्क्यांवर होता? सगळे शंभरावर असतील, पण घरी सगळे शंभरावर कोण चालवतं? पांढरा निम्म्याहून खाली आणि निळा वर, असंच बहुतेक जण ठेवतात. आणि सगळ्यात कहर म्हणजे खाली कोपऱ्यात मॉडेलचं नाव होतं ते मोठ्या भावाचं, जवळजवळ दुप्पट वॅटच्या लाइटचं.

हे सगळं मुद्देसूद लिहून पाठवलं. उत्तर: आकडे केवळ सूचक आहेत. त्याखाली पाच तारे आणि 'आमच्या सेवेला गुण द्या'. मी वॉरंटीची पानंही तेव्हाच वाचून काढली, आणि तुम्हीही वाचा. खारं पाणी किंवा मीठ लागून झालेलं नुकसान धरलं जाणार नाही, असं त्यात होतं. समुद्री टँकवर टांगायच्या लाइटला!

सुटका झाली ती आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरून. मुलुंडच्या एका मुलाकडे अपोजी कंपनीचा एमक्यू-५१० हा पार मीटर आहे, पाण्याखाली मोजायचा, गुणक आधीच लावलेला. तो मीटर ग्रुपमध्ये फिरतो, नंबर लावावा लागतो, गणपतीत तर सगळेच घरी असल्याने रांग वाढली. जुन्या बनावटीचे मीटर निळा प्रकाश कमी मोजतात, तेव्हा उसना घेताना मॉडेल विचारा. योगायोग असा की मला हवा असलेलाच लाइट ग्रुपमधल्या एकीच्या टँकवर होता, टँकही माझ्याएवढाच. तिघांनी मिळून मोजलं. "ताई, आधी वेव्हमेकर बंद करा," मीटरवाला मुलगा म्हणाला. वेव्हमेकर म्हणजे पाणी हलवणारा पंप. बरोबर होतं, पृष्ठभाग हलत असेल तर आकडा नाचत राहतो. मध्यभागी रॉकच्या माथ्यावर ३८०, तळाच्या कोपऱ्यात ४५. एका टँकमध्ये एवढी तफावत. मधे ठेवलेला झोअँथिड भाजणार आणि कोपऱ्यातला उपाशी राहणार. लाइट मंद केला की कोपरा आणखी उपाशी.

इतक्या ईमेलांनी जे कळलं नाही ते एका दुपारी कळलं: मला जोरदार लाइट नको, पसरणारा हवा. एका मोठ्याऐवजी मी दोन छोटे घेतले, प्रत्येकी ५० वॅटचे, टँकच्या लांबीवर विभागून टांगले. सावल्याही कमी पडतात. त्या विक्रेत्यानेही पारचा आकडा दिला नाही, पण त्याने निदान "माहीत नाही" म्हटलं, मला ते पुरलं. मीटर परत करायच्या आधी माझ्या टँकवर मोजून घेतलं: निम्म्या जोरावर रॉकवर १३० ते १५०, कोपऱ्यात ६०-७०. अगदी मला हवं तसं. खरं सांगायचं तर सॉफ्ट कोरलसाठी काळा डबाही चालतो, दोन डिमर असतात, भागतं. पण त्याच्या पंख्याचा आवाज हॉलमध्ये टीव्हीच्या वर ऐकू येतो.

आठवलं म्हणून सांगते, नवा लाइट पहिल्या दिवशी पूर्ण ठरलेल्या जोरावर लावू नका. ठरलेल्या आकड्याच्या निम्म्यापासून सुरू करून तीन-चार आठवड्यांत वर न्या, नाहीतर कोरल पांढरे पडतात आणि आपण पाण्याला दोष देत बसतो. दिवसाला आठ-नऊ तास पुरे, त्यात सकाळ-संध्याकाळचा चढउतार धरून. विजेची काळजी घरच्यांना असेल तर त्यांना हिशेब दाखवा: दोन्ही मिळून १०० वॅट पूर्ण जोरावर दहा तास चालले तरी दिवसाला एक युनिट. मे महिन्यात पाणी तापतं ते बहुतांशी ठाण्याच्या हवेने. आमच्याकडच्या दमटपणात पंख्याने फार उतरत नाही, चिलर घ्यावाच लागला.

लेन्सवर मिठाचा पांढरा थर बसतो, दर आठवड्याला लाइट बंद करून ओल्या मऊ कापडाने पुसा, नाहीतर मोजलेला पार कागदावरच राहील. आणि वायर प्लगपर्यंत थेट ताणून नेऊ नका. मधे प्लगच्या खाली लोंबेल असा एक वळसा सोडा, म्हणजे वायरवरून ओघळणारं पाणी तिथंच टपकेल, बोर्डात शिरणार नाही. त्या बोर्डाला आरसीसीबी (विजेची गळती झाली की पुरवठा तोडणारा स्विच) नसेल तर लाइट मागवायच्या आधी इलेक्ट्रिशियनला बोलवा.